मांडवातला फोटो भिंतीवर लावायचा तर

व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला की काम सुरू व्हायच्या आधीच निम्मं बिघडतं. व्हॉट्सअॅप फोटो आवळून पाठवतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर अख्खा फोटो जेमतेम सव्वापाच इंचांचा. त्यातला एकाच माणसाचा चेहरा कापून काढायचा म्हटल्यावर हातात काय राहणार? म्हणून सांगलीत आमच्या विश्रामबागच्या स्टुडिओत कुणी मोबाईल पुढं करून "ताई, ह्यातला आमच्या आईचा तेवढा मोठा करून द्या की" म्हटलं, की मी आधी विचारते, फोटो काढला कुणी? ज्यानं काढला त्याच्याकडून मागवा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर सरळ पेन ड्राइव्हवर आणा. आणि एकच आणू नका, त्या दिवसाचे त्या माणसाचे असतील तेवढे आणा. एकात हसू चांगलं असतं, दुसऱ्यात डोळे उघडे असतात, तिसऱ्यात चष्म्यावर चमक नसते.

आमच्यात कॅमेरा मिस्टरांकडं आणि कॉम्प्युटर माझ्याकडं. घरच्या घरी करून बघणाऱ्यांसाठी हे लिहितेय, तर एक खराच फोटो धरून सांगते. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आईच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी फोटो करायला आले होते. पुतण्याच्या लग्नातला फोटो. आजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्यात, हिरवं इरकली लुगडं, डोक्यावरनं पदर. वर मांडवाचं नारिंगी कापड, मागं पाण्याचं निळं पिंप आणि कूलर, आणि डाव्या कडेनं कुणाचं तरी कोपर आत आलेलं. पण आजी अशा हसताहेत की स्टुडिओत स्टुलावर बसवून तसं हसू आलं नसतं. निवड करताना हेच बघायचं. चेहऱ्यावरचा भाव ज्यात उत्तम तो फोटो घ्यायचा, पिंप-कूलर काय, निघतात. दोन गोष्टी मात्र निघत नाहीत. डोळे आऊट असतील, म्हणजे फोकस कानावर नाहीतर मागच्या कूलरवर गेला असेल, तर तो फोटो सोडा. आणि ऊन पडून कपाळाचा पांढरा डागच झाला असेल तर तिथं परत आणायला काही उरलेलंच नसतं. अंधारलेला चेहरा उजळता येतो, जळलेला नाही.

सेल्फी आला तर आणखी एक बघायचं. पुष्कळ फोनमध्ये समोरचा कॅमेरा आरशासारखा उलटा फोटो ठेवतो. पदर डाव्या खांद्यावर आहे का? नथ डाव्या नाकपुडीत आहे का? उजवीकडं दिसली तर फोटो आडवा फ्लिप करून घ्या, नाहीतर फ्रेम घरी गेल्यावर सासूबाई पहिल्यांदा तेच दाखवतील. सेल्फीत नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात ते कॅमेरा जेमतेम दोन फुटांवर असल्यामुळं. ते ओढूनताणून सरळ करण्यापेक्षा दुसऱ्या कुणी लांबून काढलेला फोटो शोधावा.

आता कापणं. ८×१०, १२×१५, १६×२० ह्या तिन्ही फ्रेमचं प्रमाण एकच, चारास पाच. तेव्हा क्रॉप ४:५ वर बांधून टाका, माप नंतर ठरवता येतं. छातीपर्यंत घ्या, डोक्यावर थोडी जागा ठेवा, कोपरात किंवा मनगटात कापू नका. आजींचा मूळ फोटो ३००० बाय ४००० चा होता, छातीपर्यंत कापल्यावर १६०० बाय २००० उरला. म्हणजे ८×१० ला इंचाला २०० पिक्सेल, छान. १२×१५ ला १३३, भिंतीवर चार पावलांवरनं बघायला चालतो. त्यांना १६×२० हवा होता. तिथं १०० च पडतात, डोळ्यांच्या पापण्या विरघळतात. १२×१५ वर मन वळवलं आणि भोवती रुंद पांढरी माऊंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, लावून फ्रेम मोठी दिली.

रंगात वेळ घालवा, इथंच फोटो सुधारतो. मांडवाच्या कापडातून आलेला उजेड नारिंगी, तो कपाळावर आणि पदरावर पडलेला. हनुवटीखाली मात्र हिरवट झाक, कारण उजेड हिरव्या लुगड्यावर पडून वर उसळलेला. एकाच चेहऱ्यावर दोन रंग. फोटोशॉपच्या कॅमेरा रॉ फिल्टरमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (ज्यावर टिचकी माराल ते बिनरंगी धरणारा) घेऊन लोक शेजारच्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर टिचकी मारतात, आणि आजी पिवळ्या होतात. सदऱ्याला नीळ दिलेली असते, तो पांढरा नसतोच, निळसर असतो. मी खुर्चीच्या पांढऱ्या पाठीवर टिचकी मारली, तिला नीळ नसते. त्यानं नारिंगी उतरला. हिरव्यासाठी वर नवीन लेयर, म्हणजे फोटोवर ठेवलेला पारदर्शक थर, घ्यायचा, त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थरात मिसळायची पद्धत) 'कलर' करायचा, गालावरचा चांगला रंग उचलायचा आणि १५-२० टक्क्यांच्या मऊ ब्रशनं हनुवटीखाली हलकेच फिरवायचा. उजेड-सावली तशीच राहते, रंग तेवढा बदलतो. खात्री करायला इन्फो पॅनेल उघडून गालावर नेम धरा. त्वचेत लाल आकडा सगळ्यात मोठा, मग हिरवा, सगळ्यात लहान निळा. निळा हिरव्याच्या जवळ यायला लागला की माणूस आजारी दिसतो.

आणि ते "जरा गोरं करा की". रोज ऐकते. चेहरा तेवढा उजळला की मान आणि हात दुसऱ्याच माणसाचे वाटतात. उजळायचं तर कर्व्ह्जनं, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखानं, सगळ्या फोटोतला मध्यम उजेड उचला, रंग आहे तो राहू द्या. उभा जन्म उन्हात बागेत काढलेली बाई गुलाबी दिसली तर घरात कुणाला बरं वाटणार आहे?

बॅकग्राऊंड. बंगला, धबधबा, गुलाबाची बाग असलं तयार मागं चिकटवायला मी शिकवणार नाही. हट्टच धरला कुणी तर करून देते, पैसे त्यांचे. पण मूळ मागचं ठेवून ते पुसट आणि गडद करणं केव्हाही बरं. उजेड जुळतो, चिकटवल्यासारखं दिसत नाही. 'सिलेक्ट सब्जेक्ट' दाबलं की फोटोशॉप माणूस उचलतं, पण कडा बघून घ्या. आजींच्या खांद्याबरोबर खुर्चीची पाठही आली होती आणि पदराचं टोक गेलं होतं. कापून टाकू नका, फोटोच्या लेयरची कॉपी करून वरच्या कॉपीला मास्क लावा. मास्क नको ते पुसत नाही, नुसतं झाकतो, म्हणजे गेलेलं काळ्या-पांढऱ्या ब्रशनं परत आणता येतं. कानाजवळच्या पांढऱ्या बटांना 'सिलेक्ट अँड मास्क'मधला रिफाइन ब्रश वापरा, त्यातूनही राहतील त्या दोन-चार बटा एक पिक्सेलच्या ब्रशनं हातानं ओढा.

आता जे बहुतेक जण चुकवतात ते. खालच्या लेयरवर आजी अजून आहेतच. तसाच ब्लर मारला तर लुगड्याचा हिरवा रंग पसरून खांद्याभोवती धुरकट प्रभावळ येते. म्हणून आधी खालच्या लेयरवर सिलेक्शन थोडं फुगवून 'कंटेंट-अवेअर फिल'नं आजींना तिथनं काढायचं. कसंही वेडंवाकडं भरलं तरी चालतं, वर त्याच बसणार आहेत. कोपर, पिंप, कूलरही ह्याच वेळी काढा. मग गॉशियन ब्लर, मग कर्व्ह्जनं अंधार, मग रंग थोडा कमी. शेवटी त्या ब्लर केलेल्या भागात जराशी नॉइज घाला. मोबाईलच्या फोटोत बारीक दाणा असतो. माणसात दाणा आणि मागं तुळतुळीत असलं की डोळ्याला खटकतं.

त्वचेचा नियम सोपा आहे. आठवड्यात जाणारं काढायचं, जन्माचं ठेवायचं. पुटकुळी, डास चावलेलं, घामाची चमक जाईल. तीळ, देवीचे व्रण, गोंदण राहील. आजींच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, हीलिंग ब्रश (डागावर शेजारची त्वचा भरणारा) तिथं न्यायचाच नाही. कुंकू घामानं खाली ओघळलं होतं, तर ओघळ तेवढा काढला, गोल नवा काढत बसले नाही. हीलिंग नेहमी कोऱ्या लेयरवर करा आणि वरच्या पट्टीत 'करंट अँड बिलो' निवडा. सुरकुत्यांना हे फार उपयोगी. आधी हव्या त्या पुसून घ्यायच्या, मग लेयरची ओपॅसिटी, म्हणजे दाटपणा, ४० टक्क्यांवर आणायची, म्हणजे पुसलेल्यातल्या निम्म्याहून जास्त परत येतात. कपाळावरच्या चमकेला क्लोन स्टॅम्प 'डार्कन' मोडवर, १५ टक्के, शेजारची त्वचा उचलून. सरसकट ब्लर मारून मेणाची बाहुली करू नका.

एका टॅपमध्ये फोटो स्वच्छ करणारी अॅप आहेत, बागायतदारांच्या मुलानं त्यातलं एक आधीच वापरून आणलं होतं. गोंदण गायब. आजींचा वरचा पुढचा एक दात नाही, अॅपनं पूर्ण बत्तिशी बसवलेली. डोळे टवटवीत, पण कुणाचे कोण जाणे. ही अॅप हरवलेलं शोधून आणत नाहीत, त्यांनी पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांवरनं अंदाजानं नवीन रचतात. कापडाला, काठाच्या विणीला मी कधी वापरते, पण चेहऱ्याला मास्क लावून.

डोळ्यांच्या खोबणीत आणि पदराच्या सावलीत अंधार होता. त्यासाठी डॉज-बर्न, म्हणजे जागोजागी थोडं उजळणं आणि थोडं दाबणं. नवीन लेयर, ५० टक्के करड्यानं भरलेला, मोड 'सॉफ्ट लाइट'. मऊ पांढऱ्या ब्रशनं उजळायचं, काळ्यानं दाबायचं, फ्लो ५ टक्के. एका फटक्यात काही दिसत नाही आणि तेच हवं असतं. उजेड कुठल्या बाजूनं येतोय ते आधी बघा. आजींच्या डाव्या गालावर येत होता, मी तो गाल अंगठ्याएवढ्या ब्रशनं आणखी थोडा उचलला आणि उजवं कानशील, मान दाबली. चेहरा लगेच गोल वाटायला लागला. सासरे हेच काम निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीनं करायचे, मागनं उजेड सोडून. निगेटिव्हवर पेन्सिल जिथं फिरली तिथं प्रिंट उजळ येते, म्हणजे तोही डॉजच. फक्त त्यांना अनडू नव्हतं. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लालसरपणा थोडा कमी करा, पांढराशुभ्र करू नका. बुबुळातला उजेडाचा ठिपका आहे तो जपा. दर थोड्या वेळानं फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा करून बघत जा, जास्त झालेलं लहान आकारात चटकन कळतं.

फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये फोटोपी उघडा, लेयर, मास्क, कर्व्ह्ज सगळं तिथं फुकट आहे. मोबाईलवर स्नॅपसीड. त्यात व्हाइट बॅलन्स, 'सिलेक्टिव्ह'नं चेहरा, 'हीलिंग', मग थोडं 'लेन्स ब्लर' एवढं जमतं, आणि 'व्ह्यू एडिट्स'मध्ये जाऊन प्रत्येक बदल बोटानं हवा तिथंच लावता येतो. ८×१० पर्यंत काम निभतं. महापुरात भिजून एकमेकांना चिकटलेले कागदी फोटो मात्र ह्या वाटेनं होत नाहीत. २०१९ नंतर तसे आमच्याकडं ढिगानं आले, तो विषय वेगळाच.

शार्पन सगळ्यात शेवटी, छपाईच्या मापाला आणल्यावर. लेयरची कॉपी, त्यावर कडा तेवढ्या उचलणारा 'हाय पास' फिल्टर एक-दोन पिक्सेल, मोड 'ओव्हरले', काळा मास्क, आणि डोळे, भुवया, केस, लुगड्याचा काठ एवढ्यावरच पांढरा ब्रश. गालांवर नाही.

स्क्रीनवर उजळ दिसलं म्हणून फसू नका. स्क्रीनच्या मागं दिवा असतो, कागदाच्या मागं नसतो, मॅट कागद तर आणखी दबका येतो. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करून बघा. सगळी मोठी प्रिंट काढण्याआधी तिचा डोळे-नाक-तोंडाचा तुकडा त्याच मापात ४×६ वर काढून घ्या, थोडक्या पैशात कळतं. आजींचा पहिला तुकडा काळवंडून आला, कर्व्ह थोडा वर ओढला आणि मग १२×१५ ला दिला. लॅबला फाइल 'एसआरजीबी' ह्या नेहमीच्या रंगपद्धतीत जेपीईजी द्या. लेयर असलेली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची मूळ फाइल, आपल्याकडं ठेवा, कारण आठ दिवसांत फोन येतोच, "ताई, त्याचाच फ्लेक्सला पाहिजे." फ्लेक्सवाल्याला फाइल देताना बॅनरचं माप आधी विचारून त्या मापात फोटो बसवूनच द्या. नाहीतर चारास पाचचा फोटो तो आडव्या चौकटीत ओढून भरतो, आणि आजी चौकात रुंद होऊन उभ्या राहतात.