स्पॅनिश राजभाषा असलेले देश नकाशावर कसे बसवावेत

माझी भाची स्पॅनिशच्या वर्गाला जाऊ लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "मामा, ही भाषा किती देशांची राजभाषा आहे?" मी वीस म्हणालो. तिच्या वहीत बाईंनी एकवीस लिहून दिलं होतं. दोन्ही उत्तरं बरोबर कशी, हे सांगता सांगता आम्ही जेवणाच्या टेबलावर नकाशा रंगवायला घेतला. नुसत्या यादीपेक्षा हे फार पक्कं डोक्यात राहतं, म्हणून ती रीत इथे देतो. दोन तास हाताशी ठेवा.

सामान थोडंच लागतं. वह्या-पुस्तकांच्या दुकानात कोरे नकाशे मिळतात, त्यातले तीन घ्या: जगाचा, उत्तर अमेरिकेचा आणि दक्षिण अमेरिकेचा, तिन्ही देशांच्या सीमा दाखवणारे. एकट्या जगाच्या नकाशावर भागणार नाही, कारण त्यात एल साल्वादोर तिळाएवढा दिसतो. रंगीत पेन्सिली घ्या, स्केचपेन नकोत. पुढे रंगावर रेघा मारायच्या आहेत. शेजारी एक ॲटलास उघडा ठेवा.

आधी दोन रंग ठरवा

राजभाषा म्हणजे कायद्याने ठरवलेली भाषा, असं आपण धरून चालतो. महाराष्ट्रात मराठीसाठी १९६४चा राजभाषा अधिनियम आहे. पण मेक्सिको, अर्जेंटिना, चिली आणि उरुग्वे यांच्या राज्यघटनेत "स्पॅनिश ही आमची राजभाषा" असं वाक्यच नाही. सरकार, न्यायालयं, शाळा सगळं स्पॅनिशमध्ये चालतं, त्यामुळे कोणतीही यादी या देशांना वगळत नाही. या चौघांना फिकट पिवळा द्या आणि बाकीच्यांना गडद पिवळा. जगात सर्वाधिक स्पॅनिशभाषक ज्या मेक्सिकोत आहेत, तोच फिकट रंगात येतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता एक उभी रेघ

दक्षिण अमेरिकेचा नकाशा पुढे घ्या. १४९४मध्ये तोर्देसियास या गावी स्पेन आणि पोर्तुगाल यांनी करार केला आणि केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगांवर (लीग हे अंतराचं जुनं माप) एक रेघ कल्पून नव्या जगाची वाटणी केली. रेघेच्या पूर्वेचं पोर्तुगालचं, पश्चिमेचं स्पेनचं. तिथे राहणाऱ्या माणसांना कुणी विचारलं नाही. ही रेघ आजच्या ब्राझीलचा पूर्वेकडचा फुगवटा कापत जाते; तिथे पेन्सिलीने ती अंदाजाने काढा. पुढे पोर्तुगीज रेघ ओलांडून खूप आत शिरले, म्हणून आजचा ब्राझील एवढा मोठा आणि पोर्तुगीज बोलणारा. ब्राझील कोरा सोडा. ईशान्येच्या कोपऱ्यातले तीन तुकडेही कोरेच राहतील: गयानात इंग्रजी, सुरीनाममध्ये डच, फ्रेंच गयानात फ्रेंच.

उरलेले नऊच्या नऊ देश रंगवायचे. सुरुवात वरून करा: व्हेनेझुएला, कोलंबिया, एक्वादोर. तिघांच्या झेंड्यांत पिवळा, निळा, लाल हेच रंग, कारण एके काळी हे एकाच मोठ्या प्रजासत्ताकाचे भाग होते. तिथून पॅसिफिकच्या काठाने खाली पेरू, चिली. टोकाला वळून वर या: अर्जेंटिना, उरुग्वे. शेवटी मधले दोन, पॅराग्वे आणि बोलिव्हिया. दोन्ही अमेरिका खंडांत समुद्रकिनारा नसलेले देश हे दोनच. बोलिव्हियाला किनारा होता. १८७९मध्ये चिलीशी सुरू झालेल्या युद्धात तो गेला.

मधली चिंचोळी पट्टी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मेक्सिको फिकट रंगवून खाली उतरा: ग्वातेमाला, एल साल्वादोर, होन्डुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका, पनामा. पहिले पाच भाऊ समजा. पाचही जणांचा स्वातंत्र्यदिन एकच, १५ सप्टेंबर, कारण १८२१मध्ये त्या दिवशी त्यांनी एकत्रच स्पेनशी नातं तोडलं. पुढे काही वर्षं त्यांचं एक संघराज्य होतं, त्याच्या झेंड्याचा निळा-पांढरा आजही पाचही झेंड्यांत आहे. कोस्टा रिकाने त्यात लाल पट्टा घातला. पनामा या घरातला नाही. तो कोलंबियाचा प्रांत होता, १९०३मध्ये वेगळा झाला.

मेक्सिको आणि ग्वातेमालाला चिकटून असलेला बेलीझ मात्र कोरा सोडा. तिथले पुष्कळ लोक स्पॅनिश बोलतात, पण ती ब्रिटिशांची वसाहत होती, १९८१पर्यंत, आणि राजभाषा इंग्रजीच आहे. किती लोक एखादी भाषा बोलतात आणि सरकार कोणत्या भाषेत चालतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ४ कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात, तरी तिथे देशपातळीवर ती राजभाषा नाही. तोही नकाशा कोराच.

कॅरिबियन बेटं आणि एकविसावा तुकडा

क्युबा पूर्ण रंगवा. शेजारच्या हिस्पानिओला बेटावर फक्त पूर्वेचा भाग, म्हणजे डॉमिनिकन प्रजासत्ताक. पश्चिमेच्या हैतीत फ्रेंच आणि हैतीयन क्रेओल.

त्याच्या पूर्वेला प्वेर्तो रिको. भाचीच्या आणि माझ्या आकड्यातला फरक तो हाच. १८९८च्या युद्धानंतर हे बेट स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं आणि आजही तो अमेरिकेचा प्रदेश आहे, स्वतंत्र देश नाही. पण राजभाषा स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन. १९९१मध्ये तिथल्या सरकारने फक्त स्पॅनिश ठेवली होती, १९९३मध्ये इंग्रजी परत आणली. देश मोजाल तर २०, प्वेर्तो रिको धरलं तर २१. परीक्षेत प्रश्न आला तर "सार्वभौम देश" असे शब्द आहेत का ते आधी पाहा.

स्पेन, आणि आफ्रिका विसरू नका

स्पेन रंगवताना कॅनरी बेटं आणि मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची सेउता, मेलिया ही दोन शहरंही रंगवा. ती स्पेनचीच आहेत. जिब्राल्टर नको, ते ब्रिटिशांकडे आहे.

मग पेन्सिल आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली न्या, जिथे किनारा काटकोनात वळतो तिथवर. कॅमेरून आणि गॅबनच्या मध्ये एक छोटासा चौकोन आहे आणि समुद्रात काही बेटं. हा इक्वेटोरियल गिनी, स्पॅनिश राजभाषा असलेला आफ्रिकेतला एकमेव सार्वभौम देश. इथली बेटं आधी पोर्तुगालकडे होती. १७७८च्या करारात त्यांनी ती स्पेनला दिली. १२ ऑक्टोबर १९६८ला देश स्वतंत्र झाला. घरात लोक फांग, बुबी अशा भाषा बोलतात. एकमेकांशी आणि सरकारशी बोलायला स्पॅनिश. शेजारी फ्रेंच वापरणारे म्हणून फ्रेंचही राजभाषा केली, पुढे पोर्तुगीजही. नाव विषुववृत्ताचं असलं तरी विषुववृत्त या देशाच्या जमिनीवरून जातच नाही: मुख्य भूमी त्याच्या उत्तरेला आणि आनोबोन हे बेट दक्षिणेला. या देशाबद्दल आपल्याकडे फार कमी वाचायला मिळतं, म्हणून इथे पाच मिनिटं जास्त थांबा.

फिलिपीन्सवर फक्त एक ठिपका द्या. तीनशेहून अधिक वर्षं तिथे स्पेनचं राज्य होतं, देशाचं नावसुद्धा स्पेनच्या दुसऱ्या फेलिपे राजावरून पडलं. पण १९८७च्या घटनेत राजभाषा उरल्या फिलिपिनो आणि इंग्रजी. लोकांच्या तोंडी मात्र वारांची नावं अजून स्पॅनिशच आहेत: लुनेस, मार्तेस.

आता तिरप्या रेघा

बहुतेक जण इथवर येऊन थांबतात. मला नकाशाचा हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जिथे स्पॅनिशबरोबर तिथल्या मूळ भाषांनाही कायद्याने स्थान आहे, तिथे पिवळ्यावर हिरव्या तिरप्या रेघा मारा. बोलिव्हियाच्या २००९च्या घटनेत स्पॅनिशबरोबर ३६ मूळ भाषांची नावं आहेत. पेरूत जिथे त्या बोलणारे जास्त आहेत तिथे केचुआ आणि आयमारा. एक्वादोर, कोलंबिया, व्हेनेझुएला यांनाही रेघा द्या. मेक्सिकोने २००३च्या कायद्याने आपल्या मूळ भाषांना राष्ट्रीय भाषा म्हटलं. आणि खुद्द स्पेनमध्ये कातालान, गालिसियन, बास्क या त्या त्या प्रांताच्या सहराजभाषा आहेत. गोव्यात कोकणी राजभाषा आणि सरकारी कामात मराठीलाही मुभा, ही व्यवस्था ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच समजेल.

पॅराग्वेत रेघा दाट मारा. १९९२च्या घटनेनुसार स्पॅनिश आणि ग्वारानी दोन्ही बरोबरीच्या राजभाषा. आपले पूर्वज ग्वारानी होते की नाही याचा विचार न करता बहुसंख्य लोक ती बोलतात, आणि दोन्ही भाषा मिसळून बोलण्याला जोपारा म्हणतात. चलनाचं नावही ग्वारानी. हे टिकण्यामागे बरीच कारणं आहेत. त्यातलं एक म्हणजे जेझुइट धर्मोपदेशक ग्वारानीतूनच शिकवत आणि लिहीत होते. १६३९मध्ये माद्रिदला ग्वारानीचा कोश छापला गेला. पुढच्याच वर्षी गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइटाचं कोकणी व्याकरण छापलं गेलं.

नावं मोठ्याने म्हणा

रंगवून झालं की प्रत्येक देशाचं नाव तिथले लोक म्हणतात तसं देवनागरीत लिहा. इथे आपल्याला सोपं जातं, कारण स्पॅनिशमधले त आणि द आपल्या त-दसारखे दंत्य आहेत. सवयीचे ट आणि ड बाजूला ठेवा: ग्वातेमाला, एक्वादोर, कोस्ता रिका. ह लिहिला तरी उच्चारत नाहीत, म्हणून ओन्दुरास. मेक्सिकोचं मेहिको, अर्जेंटिनाचं अर्हेन्तिना, स्पेनचं एस्पान्या. भाषेचं नावही सगळीकडे एक नाही: क्युबा, ग्वातेमालाच्या घटनेत एस्पान्योल, तर स्पेन, कोलंबिया, पेरूच्या घटनेत कास्तेयानो. भाषा तीच.

आठवडाभराने नवा कोरा नकाशा घ्या आणि काहीही न बघता रंगवा. काय चुकलं ते जुन्या नकाशाशी ताडून पाहा आणि तेवढ्याच देशांवर पुन्हा बसा. पहिल्या खेपेला भाचीने एल साल्वादोर आणि होन्डुरासची अदलाबदल केली होती. दुसऱ्या खेपेला तिने पेन्सिल उचलली आणि सगळ्यात आधी आफ्रिकेतला तो छोटा चौकोन रंगवला.