गट नंबरची तारीख होऊ नये म्हणून: पायथनमधून सीएसव्ही आणि वेब पेज लिहिताना

समजा शेतकरी गटाची यादी आहे, नाव, पत्ता, जमिनीचा गट नंबर, रक्कम आणि खाते नंबर अशा पाच कॉलमची, आणि ती कोडमधून दोन प्रकारे द्यायचीय, ऑफिसला एक्सेलमधे उघडेल अशी सीएसव्ही (कॉलम स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाईल) आणि गटातल्या लोकांना मोबाईलवर वाचता येईल असं पेज. लूप लावून फाईलमधे लिहिणं काही अवघड नाही, पण डेटा मराठी असला की काही ठरलेल्या जागी हमखास अडकायला होतं, म्हणून त्या जागा नीट सांगतो.

व्हॅल्यूंच्या मधे आपल्या हाताने स्वल्पविराम चिकटवून ओळ बनवू नका. आपले पत्तेच बघा ना, 'मु. पो. ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे'. साधं जॉइन मारलं तर या एका पत्त्याचे तीन कॉलम होतात आणि गट नंबर सरकत सरकत खाते नंबरच्या कॉलममधे जाऊन पडतो. पायथनसोबत सीएसव्ही मॉड्यूल येतंच, त्यातला रायटर असा पत्ता आपोआप डबल कोटमधे घालतो, आणि पत्त्यातच डबल कोट असेल तर तो दोनदा लिहितो. सीएसव्ही कशी लिहायची ते सांगणाऱ्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात (२००५) हीच पद्धत दिलीय, त्यामुळे एक्सेल काय, गूगल शीट्स काय, सगळ्यांना ती कळते. ओळ अशी पडते:

सविता,"मु. पो. ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे",१२/३,१२५०००,००४५६७

(इथे मराठी आकडे आहेत, पण फाईलमधे इंग्रजी आकडेच ठेवा, बेरीज करायला सोपं जातं.) डेटा डिक्शनरीत (कॉलमचं नाव आणि व्हॅल्यू अशा जोड्यांत) असेल तर डिक्ट-रायटर वापरा, त्याला कॉलमची नावं हव्या त्या क्रमाने द्या आणि आधी राइट-हेडर बोलवा. आणि हो, तुमच्या स्वतःच्या कोडच्या फाईलला सीएसव्ही डॉट पीवाय असं नाव अजिबात देऊ नका, पायथन खरं मॉड्यूल सोडून तीच इम्पोर्ट करतो.

आता फाईल ओपन करताना. न्यूलाइन म्हणून रिकामी स्ट्रिंग द्यायची, नाही तर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते, कारण ओळ कुठे संपते ते रायटर स्वतःच लिहितो आणि ओपन त्यात आणखी भर घालतो. एन्कोडिंग (अक्षरं बाईटमधे कशी साठवायची ते) यूटीएफ-८-सिग द्यायचं. ते दिलंच नाही तर विंडोजवर बऱ्याचदा 'चारमॅप' वाला एरर येतो, आणि नुसतं यूटीएफ-८ दिलं तर फाईल बरोबर बनते पण डबल क्लिक केल्यावर एक्सेल ती जुन्या कोडपेजने (मराठी नसलेल्या अक्षरांच्या तक्त्याने) वाचतं आणि सविताच्या जागी नुसता कचरा दिसतो. सिगमुळे फाईलच्या सुरुवातीला तीन बाईटची खूण पडते, ती बघून एक्सेलला कळतं.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे गट नंबर. फाईलमधे १२/३ अगदी बरोबर असतं, पण एक्सेलने उघडलं की त्याची १२ मार्च होते आणि कुणी तसंच सेव्ह केलं की मूळ नंबर गेलाच समजा. कोटमधे टाकूनही फरक पडत नाही, कारण सीएसव्हीत मजकूर कुठला आणि आकडा कुठला हे सांगायची सोयच नाहीये. खाते नंबरचंही तेच, सुरुवातीची शून्यं उडतात आणि १५ च्या पुढचे अंक शून्य होऊन बसतात. मग एक तर उघडणाऱ्याला सांगायचं की डबल क्लिक करू नका, डेटा टॅबमधून इम्पोर्ट करा आणि हे दोन कॉलम टेक्स्ट करा, नाही तर कोडमधूनच 'गट १२/३' असं लिहायचं. फाईल फक्त माणसं वाचणार असतील तर मला दुसरं बरं वाटतं, कारण सूचना कुणी वाचत नाही. हीच फाईल पुढे दुसरा प्रोग्राम वाचणार असेल तर मात्र डेटा आहे तसाच ठेवा.

स्पेस भरून कॉलम एकाखाली एक लावलेली टेक्स्ट फाईल मराठीत करायच्या फंदात पडू नका. 'श्री' ची लांबी पायथन चार सांगतो आणि स्क्रीनवर ते एकच अक्षर दिसतं, त्यामुळे एलजस्टने (स्पेस भरून लांबी सारखी करणाऱ्या फंक्शनने) कितीही भरलं तरी रेषा जुळत नाही. एका रेषेत हवं असेल तर सरळ वेब पेज करा.

वेब पेजला एन्कोडिंग साधं यूटीएफ-८ चालतं, पण मेटा चारसेट (पेजचं एन्कोडिंग सांगणारा टॅग) हेडमधे अगदी वरच लिहा, पहिल्या १०२४ बाईटच्या आत यायला लागतो. व्ह्यूपोर्टचा मेटाही टाका, नाही तर मोबाईलवर अख्खं पेज आक्रसून बारीक दिसतं. प्रत्येक व्हॅल्यू टीडीमधे (टेबलच्या एका कप्प्यात) टाकायच्या आधी एचटीएमएल मॉड्यूलच्या एस्केप फंक्शनमधून काढा. नावं लोकांनी फॉर्ममधे भरलेली असतात, त्यात कुणी टॅग लिहिला तर तो तुमच्या पेजवर चालू होतो. हेडिंगची ओळ टीहेडमधे ठेवा, लांब यादी प्रिंट केली की ब्राउझर ती बहुतेक वेळा प्रत्येक पानावर आपणहून देतो. टेबलभोवती एक डिव्ह घालून त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या, म्हणजे मोबाईलवर टेबल आडवं सरकवता येतं.

रकमेतले स्वल्पविराम फक्त वेब पेजवर, सीएसव्हीत नाही. पायथनचा स्वल्पविरामाचा फॉरमॅट १२५,००० देतो, आपल्याला १,२५,००० हवं, म्हणून छोटं फंक्शन लिहा, शेवटचे तीन अंक वेगळे काढायचे आणि उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनचे गट पाडायचे. तो कॉलम उजवीकडे अलाइन करा.

पांडाज (टेबलचा डेटा हाताळायची पायथनची लायब्ररी) वापरत असाल तर टू-सीएसव्हीला इंडेक्स फॉल्स द्या, नाही तर डावीकडे ०, १, २ चा फुकटचा कॉलम येतो, आणि मूळ फाईल वाचतानाच डीटाइप एसटीआर द्या, म्हणजे खाते नंबरची शून्यं टिकतात. टू-एचटीएमएल स्वतःच एस्केप करतं पण नुसतं टेबल देतं, हेड आणि चारसेट आपण लिहायचं. शिवाय ५० अक्षरांच्या पुढचा मजकूर कापून ते तीन टिंबं देतं आणि गावाकडचे पत्ते तेवढे लांब असतातच, तेव्हा आधी डिस्प्लेचं मॅक्स-कॉलविड्थ नन (None) करून घ्या.