कोरड्या रानात खत नको: आधी ओल, मग खत

ऊन वाढलं की हे हमखास घडतं. सकाळी खत टाकायचं, पाणी ‘संध्याकाळी देऊ’ म्हणायचं आणि नेमकी तेव्हाच मोटार बंद पडायची. टोमॅटोच्या अशाच एका प्लॉटमध्ये मी उभा होतो. दोन दिवस पाणी नव्हतं, झाडांनी माना टाकलेल्या, पानांच्या कडा करपलेल्या. दुकानदाराने ‘मर’ (खोडात तपकिरी रेघ पाडणारा बुरशीचा रोग) सांगून बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतायचं द्रावण) दिली, वर मुळं फुटायचं टॉनिक. खोड उभं चिरून पाहिलं तर आत तपकिरी रेघ नाही. मुळी कुजलेली नव्हती, वाळली होती. रोग नव्हताच. खताने झाडातलं पाणी ओढून घेतलं होतं.

मुळीच्या पेशीतला रस जमिनीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो. पेशीपटल पाण्याला वाट देतं, क्षारांना सहजासहजी देत नाही. त्यामुळे पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे, म्हणजे मुळीत, शिरतं. हेच परासरण. कोरड्या मातीत खताचा दाणा विरघळला की त्याच्याभोवतीचं द्रावण मुळीच्या रसापेक्षा दाट होतं आणि पाणी उलटं, मुळीतून मातीत जायला लागतं. पेशी आतून आक्रसते. पुस्तकात याला रससंकोच म्हणतात, रानात आपण म्हणतो ‘खताने जाळलं’. बाहेरून खत घालून आपणच झाडाला तहानलेलं ठेवतो.

बरं, जळलं नाही तरी ते खत लागू पडतं का? स्फुरद आणि पालाश मुळीपर्यंत पोचतात ते मुख्यतः विसरणाने, म्हणजे जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे पसरत. स्फुरद तर जेमतेम काही मिलिमीटर सरकतं, आणि तेही मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर असेल तरच. थर तुटला की वाट बंद. मग झाड पिवळं दिसतं, दुसरा डोस गळ्यात मारला जातो आणि क्षारात आणखी भर पडते. पहिला डोस तिथेच पडून असतो. आधी पाणी द्या, बाबांनो.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) एकदा तरी तपासा. 0.7 डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत चिंता नाही, 0.7 ते 3 मध्ये जपून, 3 च्या वर मोठा धोका. पण हा आकडा पाण्याचा, मातीतला नव्हे. जमिनीतली ओल निम्मी झाली की उरलेल्या पाण्यातले क्षार जवळपास दुप्पट तीव्र होतात, आणि उन्हाळ्यात ओल निम्मी व्हायला वेळ लागत नाही. घेवडा आणि गाजर मातीच्या संपृक्त अर्काचा (माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याचा) ईसी 1 च्या पुढे गेला की उत्पादनात घटायला लागतात, कांदा 1.2 ला, टोमॅटो 2.5 ला. कापूस मात्र 7.7 पर्यंत तग धरतो. म्हणून शेजाऱ्याच्या कापसाचा डोस आपल्या कांद्याला नको.

खतांतही फरक आहे. क्षार निर्देशांक, म्हणजे खत मातीतल्या पाण्याचा खारटपणा किती वाढवतं त्याचा आकडा (जास्त आकडा, जास्त धोका), म्युरेट ऑफ पोटॅशचा सुमारे 116, युरियाचा 75, सल्फेट ऑफ पोटॅशचा 46, सुपर फॉस्फेटचा 8 च्या आसपास.

या हंगामात:
- वाफसा (ओल आहे, पण चिखल नाही) आल्यावरच खत. मूठ आवळून मातीचा गोळा झाला नाही तर थांबा.
- पेरताना खत बियाण्याला चिकटू नये. 5 सेंमी बाजूला, 5 सेंमी खाली.
- ठिबकमध्ये पहिला पाव वेळ नुसतं पाणी, मध्ये खत, शेवटचा पाव वेळ पुन्हा नुसतं पाणी.
- एकदम डोस नको, विभागून द्या.
- आच्छादन करा.

फवारणीचा युरिया 2 टक्के, म्हणजे 10 लिटरला 200 ग्रॅम. कोवळ्या पिकाला 1 टक्काच. युरियाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून तो पानात लवकर झिरपतो. पण दुपारच्या उन्हात थेंब आटत जातो, द्रावण दाट होतं आणि पानावर डाग पडतात. संध्याकाळीच फवारा. त्याच टाकीत दोन टॉनिकं ओतली की प्रत्येकातले क्षार बेरजेत येतात, हे बाटलीवर कुणी छापत नाही.

वाफ्यात पाणी उभं असूनही झाड सुकत असेल तर आणखी पाणी देऊ नका. मुळांना हवा मिळेनाशी झाली की पेशीपटलातली पाण्याची दारं मिटतात. तिथे निचरा हवा.

पहाटे पाहायची सवय ठेवा. दुपारी मान टाकलेलं झाड पहाटे ताठ असेल तर बहुधा उन्हाचा ताण. ओल असूनही पहाटे मलूल असेल, तर मला आधी क्षारांची शंका येते. हा माझा अंदाज; खात्री माती परीक्षणानेच.

पांढरं मीठ फुटलेलं दिसलं की जिप्सम सुचवतात. जिप्सम चोपण जमिनीसाठी, जिथे सोडियम जास्त आहे. नुसती खारट जमीन चांगल्या पाण्याने क्षार खाली धुतल्याशिवाय आणि निचरा केल्याशिवाय सुधारत नाही. अहवाल हातात येईपर्यंत पोती उचलू नका.

आणि खताने करपलंच, तर खत, टॉनिक, आळवणी सगळं थांबवा. निचरा चांगला असेल तर क्षार मुळांच्या खाली जातील इतकं भरपूर पाणी द्या, मग वाफसा येऊ द्या. त्यानंतर एक रोप हलक्या हाताने उकरून पाहा. पांढरी मुळी दिसेपर्यंत खताचं पोतं उघडू नका.