लॉनमधला लव्हाळा पुन्हा पुन्हा उगवतोय? या चुका टाळा

लव्हाळा, आंबुशी, नको तिथे घुसलेली हरळी. वर्षानुवर्षं जगणाऱ्या या तणांचा जीव पानांत नसतो. तो जमिनीतल्या गाठींत, कंदांत आणि आडव्या खोडांत असतो. पानं नाहीशी झाली म्हणजे तण गेलं, हा समजच बहुतेक चुकांच्या मुळाशी आहे.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे ओढून उपटणं. लव्हाळ्याचा शेंडा हातात येतो, गाठी खालीच राहतात. बारीक खोडांनी एकमेकींना जोडलेल्या या गाठींची साखळी तुटली, की झोपलेल्या गाठींनाही कोंब फुटतात. रोपं मोजकी आणि कोवळी असतील, तर माती ओलावून खुरप्याने गाठीसकट खणून काढा. त्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका.

फवारणीआधी तण ओळखा. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नाही. त्याचं खोड बोटांत फिरवलं तर तीन धारा लागतात. रुंद पानांच्या तणांसाठीचं २,४-डी हे तणनाशक त्याच्या गाठींपर्यंत पुरेसं पोहोचत नाही. त्याच्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइलसारखं निवडक औषध लागतं, तेही आपल्या लॉनच्या जातीला चालतं का हे लेबलवर वाचूनच. ग्लायफोसेट मात्र लॉनलाही मारतं. पेंडिमेथॅलिन उगवणाऱ्या बियांना रोखतं, गाठींना नाही.

आणि कृपा करून दुप्पट डोस देऊ नका! पानं लगेच करपली की समाधान वाटतं, पण आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत पसरणारं औषध हिरव्या पानांतूनच अन्नरसाबरोबर खाली उतरतं. पान आधीच जळालं तर गाठ सुखरूप राहते. म्हणूनच फवारणीच्या दोन-तीन दिवस आधी आणि नंतर लॉन कापू नये, पाऊस यायचा असेल किंवा लॉन सुकलेलं असेल तर थांबावं. नव्या गाठी धरण्याआधी, कोवळ्या वाढीवर फवारणी जास्त लागू पडते. एका फवारणीत काम संपत नाही. पुन्हा फुटवे येणारच.

लॉन फार बुटकं कापलं तर मोकळ्या मातीत तणाला ऊन मिळतं. एका वेळी गवताच्या पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नका. रोज थोडं पाणी शिंपडण्यापेक्षा अंतराने खोलवर द्या. एकाच कोपऱ्यात लव्हाळा माजत असेल तर तिथे पाणी साचतं का, हे आधी बघा.

रिकाम्या जागा भरायला बाहेरून माती आणलीत तर ती आधी चाळून घ्या. गाठी अनेकदा तिच्यातूनच येतात.