रानपॉपीची भाजी: सालेंतोची पपारीना कशी करावी

अफूच्याच कुळातली लाल रानपॉपी युरोपात गव्हाच्या शेतांत तणासारखी उगवते. बहुतेकांना तिचं फूलच ठाऊक. दक्षिण इटलीत पुलियाच्या सालेंतो भागात मात्र फूल यायच्या आधीच तिची भाजी होते. तिकडे तिला पपारीना म्हणतात.

सगळी गोम वेळेची. हिवाळ्यापासून वसंताच्या सुरुवातीपर्यंत पानं जमिनीलगत गोल पसरलेली असतात, तेव्हाच खुडायची. मधून दांडा वर आला, कळी दिसली, की ते रोप सोडून द्यायचं. अफूतलं मॉर्फीन हिच्यात नसतं, पण ऱ्हिअडीन नावाचं अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारं वनस्पतीतलं रसायन, असतं. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ही भाजी नकोच.

पानं खोल कातरलेली, दातेरी, राठ लवेची. पहिल्या वेळी जाणत्या माणसाबरोबर जा. फवारलेलं शेत आणि रस्त्याची कड टाळा. आणि हे वाचून आपल्याकडच्या माळावरचा पिवळा धोत्रा खुडू नका! तो याच कुळातला, पण विषारी. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि ड्रॉप्सीने, म्हणजे अंगाला सूज आणणाऱ्या आजाराने, माणसं दगावली.

चाकूने मुळाच्या अगदी वर कापलं की अख्खा गुच्छ निघतो. पिवळी पानं काढा आणि माती जाईपर्यंत पाणी बदलत धुवा.

किलोभर पाला डोंगराएवढा दिसतो, पण मेथीसारखा बसतो. जाड बुडाच्या पातेल्यात चार चमचे ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची परता, लसूण करपू देऊ नका. त्यावर ओला पाला आणि मूठभर काळे ऑलिव्ह. वरून पाणी नको. झाकण ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटं शिजवा, मग झाकण काढून सुटलेलं पाणी आटवा. ऑलिव्ह खारट असतात, म्हणून मीठ शेवटी, चव बघून. तिथे ती पावाबरोबर खातात. माझ्या मते ज्वारीची भाकरी जास्त शोभेल.

पाकळ्यांचंही काम आहे. तुर्कस्तानात बोझजाडा बेटावर त्यांचं सरबत करतात. बुडाचा काळा डाग कापून टाका, पाकळ्या लिंबाचा रस आणि साखर घालून चुरगळा, पाणी ओतून रात्रभर ठेवा आणि गाळा. रंग गडद लाल येतो. प्यायला घेताना थंड पाणी मिसळा.