मिरग मिरगात दिसत नाही, तर तो बघायचा कधी?

शेतीची लाइट कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची पाळी असली की मोटार चालू करायला विहिरीवर जावं लागतं, आणि गेल्यावर तिथे बसावंही लागतं, कारण एखादी फेज कधी उडेल याचा नेम नाही. चोपडा तालुक्यात आमची केळी आणि गव्हाचा एक तुकडा आहे. वीस-बावीस वर्षं हिवाळ्यातल्या रात्री मी त्या बांधावर काढल्या. आकाश मी हौसेनं शिकलो नाही, झोप लागू नये म्हणून शिकलो. ज्यांना शिकायचंय पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी जागा. केळीच्या बागेत उभं राहून आकाश दिसत नाही, वर पानांचं छप्पर असतं. हरभरा किंवा गहू असलेलं वावर, खळं, नाहीतर गच्ची बघा. गावातला हायमास्ट पाठीमागे येईल असं बसा. रिकाम्या बाजेवर आडवं होणं सगळ्यात उत्तम, मान दुखत नाही. जाताना टॉर्च भरपूर लावा, पायात गमबूट घाला, कारण हरभऱ्यात साप असतो आणि त्याला तुमच्या छंदाचं कौतुक नसतं. जागेवर बसलात की टॉर्च बंद. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि मोबाइल एकदा बघितला की ती कमाई गेली. उजेड लागणारच असेल तर टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटीन कागद दुहेरी करून रबराने बांधा. लाल उजेडाने डोळे तितके बिघडत नाहीत.

दिवस अमावास्येच्या आसपासचे घ्या, महिने कार्तिक ते फाल्गुन. चैत्र-वैशाखात आमच्याकडे हवेत धूळ फार असते, तरी मध्यरात्रीनंतर बरं असतं. पावसाळ्याचं सांगायला नको.

मोजायला काही विकत आणू नका. हात सरळ ताठ पुढे धरून मूठ वळली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते, करंगळी एक अंश. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे अर्ध्या करंगळीने झाकला जातो. कोजागरीला उगवतीचा चंद्र परातीएवढा वाटतो तेव्हा करंगळी लावून बघा. मी लावली तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

आता पहिला तारा, ध्रुव. तो उत्तरेला क्षितिजापासून तितक्याच अंशांवर दिसतो जितकं तुमच्या गावाचं अक्षांश. आमचं सव्वाएकवीस. म्हणजे सातपुड्याकडे तोंड करायचं आणि मुठीवर मूठ ठेवत दोन मुठी वर जायचं. डोंगराने खालची बोट-दोन बोटं खाल्लेली असतात, ती धरून मोजा. तिथे एकटाच, बेताच्या तेजाचा तारा दिसेल. बेताचाच. ध्रुव सगळ्यात तेजस्वी असतो हे आपल्या डोक्यात कुणी भरवलंय कोण जाणे. तेजात त्याचा नंबर पन्नासाच्या आसपास लागतो. आमच्या वडिलांचा ध्रुव आयुष्यभर पश्चिमेला होता, म्हणजे ते शुक्र बघून हात जोडायचे. वाद घालायची सोय नव्हती.

खात्री करायची तर खाटलं शोधा. सप्तर्षीला आमची मोठमाय खाटलं म्हणायची: चार तारे म्हणजे खाटेचे चार पाय, शेपटीचे तीन म्हणजे म्हातारीची खाट ओढून नेणारे तीन चोर. माघ ते ज्येष्ठ हे खाटलं रात्रीच्या पहिल्या प्रहरात उत्तरेला असतं. चोरांच्या विरुद्ध टोकाचे दोन पाय म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढा आणि त्या दोघांतलं अंतर तसंच पाच वेळा पुढे मोजा, ध्रुवावर पोचता. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी खाटलं सातपुड्याआड असतं. तेव्हा उत्तरेलाच एम अक्षरासारखी शर्मिष्ठा शोधा, ध्रुव तिच्या खाली. मधल्या चोराला, म्हणजे वसिष्ठाला, अगदी चिकटून अरुंधती आहे. लग्नात भटजी नवरा-नवरीला आभाळाकडे बोट करून दाखवतात ती हीच. मांडवातल्या फोकसमध्ये ती कुणालाच दिसत नाही, सगळे मान हलवतात.

ध्रुवाचा जो प्रकाश आत्ता डोळ्यात शिरतो तो तिथून निघून चारशेहून जास्त वर्षं झाली. खान्देशावरचं फारुकींचं राज्य संपून असीरगड अकबराच्या हाती गेला ते साल १६०१, साधारण त्या जमान्यातला हा उजेड. व्याध नावाच्या ताऱ्याचा त्या मानाने ताजा, साडेआठ वर्षांपूर्वीचा. सूर्याचा आठ मिनिटांचा, चंद्राचा सव्वा सेकंदाचा.

आता मिरगाचं, म्हणजे मृग नक्षत्राचं. दहा वर्षांचा असताना ७ जूनच्या रात्री मी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, जागत बसलो होतो. घरात सगळे म्हणत होते, उद्या मिरग निघणार. मला वाटलं, निघणार म्हणजे वर येणार, आपण बघू. काही निघालं नाही. आजोबा म्हणाले, ढगाआड असेल. पुढे कितीतरी वर्षं मीही तेच समजत होतो.

खरं असं आहे की शेतकऱ्याची नक्षत्रं सूर्याची असतात. सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे सत्तावीस भाग केले, एकेका भागात तो तेरा-चौदा दिवस राहतो. ८ जूनच्या सुमारास तो मृगात शिरतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असं हस्त-चित्रापर्यंत आपण पाऊस मोजतो. सूर्य मृगात आहे याचाच अर्थ मृगाचे तारे दिवसा सूर्याच्या सोबत उगवतात आणि सोबत मावळतात. मिरगात मिरग दिसणं शक्यच नाही. त्याला बघायचं तर सहा महिने थांबायचं: सूर्य आकाशाच्या दुसऱ्या टोकाला गेला की मृग रात्रभर आपला. जूनमधली केळीची मृगबाग लावताना जो दिसत नाही तो ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या कांदेबागेची लागवड उरकल्यावर दिसतो, असं मी आमच्या केळीवाल्यांना सांगतो, ते त्यांच्या लगेच लक्षात येतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री साडेसात-आठला पूर्वेला तोंड करा. एकावर एक ठेवल्यासारखे तीन तारे सारख्या अंतरावर वर येताना दिसतील. हा मृगाच्या पोटातला बाण. हे तिघं जवळजवळ नेमके पूर्वेला उगवतात आणि नेमके पश्चिमेला मावळतात, म्हणून परक्या शिवारातही दिशा चुकत नाही. भोवती चार तारे, मृगाचे चार पाय. त्यांतला डावीकडचा तांबूस तो काक्षी, उजवीकडचा निळसर पांढरा तो राजन्य. रंग ओळखू आले की समजा डोळे अंधाराला सरावले. आधी सगळे पांढरेच दिसतात. काक्षी थंड म्हणून लाल, राजन्य तापलेला म्हणून निळसर. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं, तसंच.

बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. वर वाढवली की तांबूस रोहिणी, आणखी वर कृत्तिकांचा पुंजका. रोहिणी, मृग, आर्द्रा: रोहिणी निघाली, मिरग बरसला, असं जे आपण बोलतो ती तोंडपाठ यादी इथे आकाशात ओळीने उभी असते. मला हे पहिल्यांदा जुळलं त्या रात्री गव्हाचं बारं फुटून शेजाऱ्याच्या वावरात पाणी गेलं होतं, त्याचं बोलणं सकाळी ऐकलं.

घड्याळ म्हणूनही मृग चालतो. आकाश तासाला पंधरा अंश सरकतं, म्हणजे दीड मूठ. मोटार चालू करताना बाण समोरच्या आंब्याच्या शेंड्यावर असेल आणि नंतर तीन मुठी सरकलेला दिसला, तर दोन तास झाले. चिखलाच्या हाताने खिशातून मोबाइल काढावा लागत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, कोणताही तारा दररोज चार मिनिटं लवकर उगवतो. पंधरवड्यात एक तास, महिन्यात दोन. नवशिके इथेच गोंधळतात: मागच्या महिन्यात दहाला दाखवलेला तारा या महिन्यात दहाला तिथे शोधतात, तो आठलाच तिथून गेलेला असतो.

रोहिणीवरून एक दिवसाचा प्रयोग. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. योगायोगाने त्याच दिवसांत खान्देशात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, चोपड्यात २६ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून पंचवीस-सव्वीस मिनिटांनी. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा सपाट फरशीवर ओळंब्यात उभा करा. सव्वाबाराला त्याची सावली बोट-दीड बोट असते, मग आखडत जाते, आणि मिनिटभर बुडाशी काहीच उरत नाही. पाइपमध्ये डोकावलं तर तळाला उन्हाचा गोल रुपया पडलेला. मागच्या वर्षी मुलगी म्हणाली, ‘पप्पा, माझीपण सावली गेली, फक्त डोक्याची पायाखाली आहे.’ दहा मिनिटांच्या वर उन्हात थांबू नका. आणि वर सूर्याकडे बघायचं नाही, दुर्बिणीतून तर कधीच नाही. जुलैच्या मध्यानंतर सूर्य परत डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग.

या उभ्या काठीला जुन्या ग्रंथांत शंकू म्हणतात. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत यंत्रांचा अध्याय आहे, त्यात शंकू आहेच. त्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून नातवाने, चांगदेवाने, मठ काढला आणि त्याचा शिलालेख सापडला तो चाळीसगावजवळच्या पाटणला. पाटणादेवीला नवस फेडायला जाणाऱ्यांनी हे पोरांना सांगायला हरकत नाही.

चंद्राची सुरुवात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला करा. पोरी झोक्यावर गाणी म्हणत असतात तेव्हा सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला तृतीयेची कोर दिसते. नीट बघा, कोरीच्या आतला काळा भागही फिका राखाडी दिसतो. तो उजेड पृथ्वीचा: ऊन आपल्यावर पडतं, इथून उडून चंद्रावर जातं, तिथून परत आपल्या डोळ्यात. चंद्र दिवसाला तेरा अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे रोज एक नक्षत्र, आणि उगवायला रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर करतो. संकष्टीला उपाशी बायका ताटकळतात ते यामुळेच. महिन्यांची नावंही त्याच्यावरून पडलीत: कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षात मृगशीर्षाजवळ, चैत्रात चित्रेजवळ. या तीन पौर्णिमा पाळल्यात तर तीन नक्षत्रं फुकट कळतात.

ग्रहांचं थोडक्यात. तारा लुकलुकतो, ग्रह शांत जळतो. शुक्र सूर्यापासून फार लांब जात नाही, म्हणून तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेलाच. मध्यरात्री डोक्यावर झगमगतोय तो शुक्र नव्हे, बहुधा गुरू. गुरू साधारण वर्षाला एक रास चालतो. शनी एका राशीत अडीच वर्षं, अशा तीन राशी म्हणजे साडेसात. साडेसाती म्हणून ज्याला लोक घाबरतात तो शनीचा निव्वळ चालायचा वेग आहे.

दुर्बीण घ्यायची तर एक चूक माझ्याकडून शिका. मी ऑनलाइन एक टेलिस्कोप मागवला, खोक्यावर पाचशेपट लिहिलेलं आणि शनीचं रंगीत चित्र. त्याचं तिकाटणं, म्हणजे तीन पायांचा स्टँड, असं की श्वास घेतला तरी चंद्र पळून जायचा. आता तो माळ्यावर आहे. तेवढ्या पैशात दहा बाय पन्नासची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या आणि कोपरं विहिरीच्या कठड्यावर टेकवा. गुरूच्या बाजूला एका ओळीत बारीक ठिपके दिसतील, कधी दोन, कधी चार. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले ते चंद्र. तासाभराने बघितलं तर एखादा किंचित सरकलेला असतो. आपला चंद्र पौर्णिमेला बघू नका, सपाट पिठाची भाकरी दिसते. सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवरचे खड्डे बघा, तिथे सावल्या लांब पडतात.

सगळ्यात उशिरा मला सापडला अगस्त्य. तेजात व्याधाच्या खालोखाल, पण आमच्याकडून दक्षिणेला फक्त दीड मूठ उंच चढतो आणि लगेच उतरतो. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नवाच्या सुमारास, व्याधाच्या सरळ खाली. तीन हिवाळे मी तो त्याच बांधावरून शोधला आणि प्रत्येक वेळी तिथे शेजारच्या वावरातल्या खोलीवरचा पांढरा दिवा दिसायचा. चौथ्या वर्षी पाइप फुटला म्हणून पलीकडच्या बांधावर गेलो. दिवा डावीकडे सरकला, अगस्त्य जागेवरच होता.