पोरांचा रोबोटशी दोस्ताना टिकवायचाय? मग दुसऱ्या आठवड्याचं बघा

मुलांसाठी रोबोट बनवत असाल तर पहिल्या आठवड्यावर अजिबात जाऊ नका. नवा रोबोट आला की पोरं त्याच्यावर तुटून पडतात, आपण व्हिडिओ काढतो, टीम खूश, आणि पंधरा दिवसांनी तो कपाटावर धूळ खात बसलेला. जपानात ताकायुकी कांदा, हिरोशी इशिगुरो वगैरे संशोधक मंडळींनी रोबोव्ही नावाचा इंग्रजी बोलणारा रोबोट एका प्राथमिक शाळेत दोन आठवडे ठेवला होता, २००४ साली त्यावर पेपर आला. पहिल्या आठवड्यात नुसती झुंबड, दुसऱ्यात गर्दी ओसरली.

मग पुढच्या वेळी त्यांनी दोन महिने ठेवला आणि काय केलं तर रोबोट मुलांना नावाने हाक मारायचा (मुलांच्या अंगावर ओळख पटवणारे टॅग असायचे), आणि जो जास्त वेळा भेटेल त्याला नवनवीन गोष्टी करून दाखवायचा, स्वतःची सिक्रेटं सांगायचा. म्हणजे पंगतीसारखं. सगळं एकदम पानात वाढायचं नाही, मागून जिलबी येतेय हे कळलं की माणूस उठत नाही.

तर कंटेंट टप्प्याटप्प्याने उघडा आणि रोबोटला थोडंच पण नेमकं लक्षात ठेवायला लावा. "काल दात हलत होता ना, पडला का?" एवढं पुरतं. फक्त चुकीचं आठवलं तर सगळं मुसळ केरात, ताईच्या नावाने धाकट्याला हाक मारलीत की संपलंच, त्यामुळे खात्री नसेल तर सरळ विचारायला लावा.

बोलण्यावर सगळी मदार ठेवू नका हे तर मी ओरडून सांगेन. लहान मुलांचा आवाज मशीनला मोठ्यांपेक्षा कमी कळतो, त्यात आपली पोरं "ए, स्टोरी सांग ना, ती डायनोवाली" असं अर्धं मराठी अर्धं इंग्रजी बोलणार. स्पर्श बघा. सॅन डिएगोच्या एका पाळणाघरात दीड-दोन वर्षांच्या मुलांमध्ये क्यूरिओ रोबोट पाच महिने होता, डोक्याला हात लावला की लगेच खुदकन हसायचा, एवढ्या साध्या गोष्टीने खूप फरक पडला. तो आडवा झाला की मुलं त्याला पांघरूण घालायची!

आणि रोबोट हुशार नको. जरा ढच बरा. स्वित्झर्लंडमध्ये ईपीएफएल या तंत्रज्ञान विद्यापीठवाल्यांनी नाओ नावाच्या छोट्या रोबोटला मुद्दाम गचाळ अक्षर काढायला लावलं आणि मुलांना त्याचे मास्तर केलं, म्हणजे ज्याच्या वहीत रोज लाल रेघा असतात तोच दुसऱ्याचं अक्षर सुधारायला बसतो. आपल्यावर कोणीतरी अवलंबून आहे म्हटल्यावर पोरगं परत येतंच.

चेहरा माणसाचा नको, त्यात वेळ घालवू नका. कीपॉन नावाचा रोबोट म्हणजे दोन पिवळे गोळे आणि डोळे, तरी चालतो.

आता ज्याचा कोणी विचार करत नाही ते. निरोप. जिबो नावाच्या घरगुती रोबोटने २०१९ मध्ये स्वतःच्या तोंडाने सांगितलं की सर्व्हर बंद होणार. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा, सुमारे ८०० डॉलरचा मॉक्सी रोबोट, तो क्लाउडवर म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर चालायचा, डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळतोय म्हणून कळवलं आणि मुलांना कसं सांगायचं हे आईबापांच्या गळ्यात. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा, नेट गेलं, कंपनी गेली तरी काय चालू राहील? निदान नाव, हसणं, दोन गाणी तरी मशीनमध्येच ठेवा. आठवणीही शक्यतो तिथेच, डिलीटचं बटण आईबाबांच्या हातात. तसंही आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते आणि मुलांच्या वागण्यावर नजर ठेवायला बंदी आहे.

"जाऊ नकोस ना, मला एकटं वाटेल" असले डायलॉग मात्र कुठे लिहिले असतील तर आजच काढा. खेळायला मित्र खाली बोलावतायत म्हटल्यावर रोबोटने "जा जा, आल्यावर सांग कोण जिंकलं" एवढंच म्हणायचं.